म्हातारपण कुठे काढायचं?

सातारा हे पेन्शनरांचं गाव, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. म्हणण्यात थोडी चेष्टा असायची आणि थोडा हेवाही. सकाळी चार भिंतींपर्यंत फिरायला जाणारे माकडटोपीवाले, राजवाड्याजवळ बाकावर बसून अग्रलेखाची चिरफाड करणारे, संध्याकाळी सातला जेवून नऊला झोपणारे. उमेदीची वर्षं मुंबईत मंत्रालयात, पुण्यात एखाद्या कारखान्यात, रयतच्या कुठल्यातरी लांबच्या शाळेत किंवा थेट पलटणीत काढायची आणि शेवटी अजिंक्यताऱ्याच्या सावलीला यायचं, हा इथला जुना रिवाज. हवा चांगली, पाणी चांगलं, पुणं जवळ, पण फार जवळ नाही. (मुलं पुण्यात. तीही जवळ, पण फार जवळ नाहीत. दोन्हीचे आपापले फायदे असतात.)

हल्ली मात्र या मंडळींच्या, आणि त्याहून जास्त त्यांच्या परदेशात पन्नाशीला टेकलेल्या मुलांच्या बोलण्यात एक नवीनच गाव येऊ लागलंय. कॅरिबियन समुद्रातलं एखादं छोटं बेट. न्यू जर्सीत वीस-पंचवीस हिवाळे फावड्यानं बर्फ उपसलेल्या सांगलीकराला हा मोह पडणं अगदी स्वाभाविक आहे. इंग्रजी चालतं, थंडी नाही, केमनसारख्या बेटांवर आयकर नाही, आणि खिडकीतून निळंहिरवं पाणी. शिवाय आपल्या पिढ्यांना वेस्ट इंडिज म्हणजे काही परकं वाटत नाही. १९७१ साली वाडेकरांच्या संघानं तिथे मालिका जिंकली, गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा काढल्या, तेव्हापासून ती बेटं आपल्या घरातलीच आहेत. फक्त तिथे जाऊन कुणी राहिलं नव्हतं, एवढंच.

परदेशात जाऊन उतारवय काढण्याची कल्पना सातारा जिल्ह्याला तशी नवी नाही. फक्त तेव्हा दिशा उलटी होती. पाचगणी आज आपल्याला बोर्डिंग शाळा आणि स्ट्रॉबेरीमुळे माहीत आहे, पण १८६०च्या दशकात जॉन चेसन या साहेबाच्या देखरेखीखाली ती वसली, त्यामागे एक विचार असाही होता की महाबळेश्वरच्या पावसात राहणं अशक्य, तेव्हा गोऱ्या लोकांना बारा महिने राहता येईल आणि निवृत्तीनंतरही टेकता येईल असं ठिकाण हवं. म्हणजे पाचगणी हे त्यांचं 'बेट' होतं. चेसननं सिल्व्हर ओकसारखी परदेशी झाडं आणून लावली, ती अजून उभी आहेत. तो स्वतः तिथल्या सेंट पीटर्स चर्चच्या दफनभूमीत विसावला. पण बाकीचे बहुतेक साहेब पेन्शन सुरू झाली की बोटीत बसून मायदेशी गेले. हवा तीच, डोंगर तेच, नोकरचाकर तेच. तरीही गेले. राहिला तो, ज्यानं त्या जागेत आपलं काम ओतलं होतं. हे लक्षात ठेवा, पुन्हा उपयोगी पडणार आहे.

आधी बेटाचा हिशेब करू. अशा बहुतेक ठिकाणी पैसेवाल्या पाहुण्याला राहू देतात ते साधारण एकाच अटीवर: उत्पन्न बाहेरून आणा, इथे घर घ्या, पण इथली नोकरी मागू नका. त्यांच्या बाजूनं हे योग्यच आहे. भारतातून पैसे न्यायचे तर रिझर्व्ह बँकेची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची. आपल्या साताऱ्याच्या पेन्शनरांना ही मर्यादा आड यायची भीती नाही, तेव्हा तो मुद्दा सोडून देऊ. खरी अडचण पुढे येते. पाच-दहा हजार वस्तीच्या बेटावर दवाखाना असतो, पण मोठं दुखणं निघालं की पेशंटला विमानात घालून शेजारच्या बेटावर किंवा त्याहून लांब न्यावं लागतं. म्हणजे राहायचं स्वर्गात, फक्त तिथे आजारी पडायचं नाही. साठीत हे जमतं. ऐंशीत?

आणि निवृत्तीचं ठिकाण निवडताना आपण सगळे हीच गंमत करतो. बघायला जातो ते साठ वर्षांचे पाय घेऊन, आणि त्या जागेची खरी गरज पडते ती ऐंशी वर्षांच्या गुडघ्यांना. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून सांगली-मिरज भागात वैद्यकीची एक परंपरा रुजली. आजही बेळगाव, विजापूर, कोकणातून माणसं मिरजेला येतात. समुद्र नाही, डोंगर नाही, उन्हाळ्यात अंगाची काहिली. पण उतारवयात रात्री दोनला छातीत दुखायला लागलं तर मिरज जवळ असणं हे निळ्या पाण्यापेक्षा मोठं सुख आहे.

आता मॉन्टसेराटची गोष्ट. हा ब्रिटिशांच्या ताब्यातला कॅरिबियन प्रदेश, क्षेत्रफळ जेमतेम १०२ चौरस किलोमीटर. आपल्या सातारा जिल्ह्याचा साधारण शंभरावा हिस्सा. १९६०च्या दशकापासून तिथे कॅनडा, अमेरिका आणि ब्रिटनमधल्या निवृत्तांना जमिनी आणि बंगले विकले जाऊ लागले. हिरवंगार, शांत, गुन्हेगारी नाही, माणसं लाघवी. जाहिरातीत आज जे जे सांगतात ते सगळं तिथे खरोखरच होतं. १९८९ साली ह्यूगो वादळानं बेट झोडपून काढलं. त्यातून सावरत असतानाच जुलै १९९५ मध्ये शतकानुशतकं झोपलेला सूफ्रिएर हिल्सचा ज्वालामुखी जागा झाला. दोन वर्षांत राजधानी प्लिमथ राखेखाली गेली. जून १९९७ मधल्या एका स्फोटात १९ माणसं दगावली. विमानतळ गेला, बेटाचा दक्षिण भाग माणसाला राहायला बंद झाला आणि दोन तृतीयांश लोक देश सोडून गेले. तो भाग आजही बंदच आहे.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे तरी काय शाश्वत आहे? बरोबर आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला तो साताऱ्याच्याच मातीत. सांगलीत कृष्णेचं पाणी २००५ ला आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला पुन्हा आलं. २०१९ मध्ये तर आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ असताना. त्याच पुरात ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली. तेव्हा आपलं गाव सुरक्षित आणि त्यांचं बेट धोक्याचं, असं काही मी म्हणत नाही. फरक दुसरीकडे आहे. संकट आलं की पाहुणा कोण आणि घरचा कोण हे एका रात्रीत उघडं पडतं. ज्याचं दुसरं घर टोरांटोला आहे तो विमान पकडतो. त्यात त्याचा दोष नाही. ज्याला दुसरं घर नाही तो तिथेच थांबतो किंवा निर्वासित होतो. सांगलीत पाणी ओसरल्यावर गावभागातल्या बायका घरातला गाळ पाट्या भरभरून बाहेर काढत होत्या. शेजारणी मदतीला, वाळवायला टाकलेल्या गाद्या कुणाच्या गच्चीवर, जेवण कुणाच्या घरून. ऐंशीच्या माणसाला हा गाळ स्वतः काढता येत नाही. काढायला येईल कोण, हा प्रश्न आहे.

इथे लेख संपवून 'शेवटी आपलं गाव ते आपलं गाव' असं म्हणता आलं असतं. वाचणाऱ्यालाही बरं वाटलं असतं. पण ते खरं नाही. आणि ते खरं नाही हे सांगली जिल्ह्याइतकं कुणालाच चांगलं माहीत नसेल.

विटा, खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ, तासगाव आणि पलीकडे साताऱ्याचे माण-खटाव, हा सगळा दुष्काळी पट्टा. पाऊस नाही म्हणून इथली माणसं बाहेर पडली आणि गलाईच्या धंद्यात शिरली. जुनं सोनं-चांदी गाळायचं, शुद्ध करायचं, टंच काढून द्यायचा. भट्टी, मूस आणि ॲसिडचा धूर. आज केरळपासून उत्तर प्रदेशापर्यंत, जिथे सराफ कट्टा आहे तिथे बहुधा एखादा गलाईवाला खानापूर-आटपाडीकडचा निघतो. पंधराव्या-सोळाव्या वर्षी चुलत्याच्या नाहीतर मामाच्या दुकानात हाताखाली जायचं, पुढे स्वतःचं दुकान टाकायचं, गावच्या जत्रेला वर्षातून एकदा यायचं. पैसे आले की आधी गावात बंगला. रस्त्यानं जाताना ते बंगले दिसतात. गुलाबी, पिस्ता, दोन मजली, वर पाण्याची टाकी विमानाच्या नाहीतर गरुडाच्या आकाराची. आणि बहुतेकांना कुलूप. बंगला बांधला जातो म्हातारपणासाठी.

आमच्या ओळखीतलं असंच एक कुटुंब. चाळीस वर्षं तामिळनाडूत, सेलमला. दुकान मुलाच्या हाती देऊन काका-काकू विट्याजवळच्या गावी परत आले. काकांनी हे स्वप्न चाळीस वर्षं पाहिलं होतं. आल्यावर कळलं की ज्यांच्याबरोबर विहिरीत पोहलो त्यातले दोघे गेले, तिसरा मुलाकडे पुण्याला. गावात त्यांना आदरानं 'शेठ' म्हणतात आणि देवळाच्या वर्गणीला पहिलं त्यांच्याकडे येतात. भांडायला मात्र कुणी येत नाही. ज्याच्याशी गावात कुणी भांडत नाही तो गावातला नसतो.

काकूंचं त्याहून अवघड. त्यांना एकदा सहज विचारलं, बरं वाटतं का इथे? म्हणाल्या, "ह्यांचं काय, ह्यांचं गाव हाय. मी लग्न करून आले आन् सहा महिन्यांत सेलमला गेले. माझं गाव तेच म्हणायचं की." सेलमच्या गल्लीत त्या तमिळ फर्डं बोलायच्या, फुलवालीशी हुज्जत घालायच्या, शेजारणीच्या मुलीच्या बाळंतपणाला रात्रभर जागल्या होत्या. इथे त्यांना ओळखणारं कुणी नाही. सासरचं गाव, तेही सून म्हणून कधी नांदल्याच नाहीत असं. त्यांच्या दृष्टीनं पाहिलं तर त्या आज परदेशात निवृत्त झाल्यात. कॅरिबियन बेटावर गेलेल्या कॅनडाच्या माणसानं निदान ते बेट स्वतः निवडलेलं असतं.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. 'रिटायर झाल्यावर गावी जाऊ' हे वाक्य आपल्या घरांत पुरुष म्हणतात. त्यात गाव त्याचं असतं. बाईचं माहेर सुटलेलं, सासरी राहिलेली नाही, संसार झाला तिसरीकडे. सांगलीकर मुलगा न्यू जर्सीत बसून बेटाची स्वप्नं बघतो तेव्हाही बहुतेक हेच चाललेलं असतं. शिवाय आपल्याकडे नवरा वयानं मोठा आणि बाई जगते जास्त. म्हणजे त्या निवडलेल्या जागी शेवटची काही वर्षं एकटीनं काढायची पाळी बहुधा तिच्यावरच येणार. जिनं जास्त काळ राहायचं तिचं मत सगळ्यात शेवटी, किंवा घेतलंच जात नाही.

परतलेल्याला गाव परकं होतं, हेही जुनंच आहे. आणि त्याची सगळ्यात जीवघेणी गोष्ट त्याच कॅरिबियनशी जोडलेली आहे. १८४५ पासून त्रिनिदादला आणि त्याच्याही आधीपासून गयानाला आपल्याकडून गिरमिटिया मजूर गेले. बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशातले. मुदत संपल्यावर अनेकजण आस धरून मायदेशी परतले. गावानं जातीत घेतलं नाही, भाऊबंदांनी जमिनीत वाटा दिला नाही, तिकडे जन्मलेल्या मुलांना इकडचं काहीच कळेना. १९२०च्या दशकात अशी शेकडो माणसं कोलकात्याच्या मटियाबुर्ज भागात गोळा झाली होती आणि सरकारला विनवत होती, आम्हाला परत जहाजात बसवा. ज्या उसाच्या मळ्यांनी त्यांना पिळून काढलं तिकडेच जायचं होतं त्यांना. कारण त्यांची माणसं आता तिकडे होती.

मग माणसाचं गाव कुठलं? माझं उत्तर साधं आहे. जिथे तुमचं येणं-देणं आहे ते. जिथे तुम्ही कुणाचं काही लागता आणि कुणी तुमचं काही लागतं. जन्मानं ते आपोआप मिळत नाही आणि पैसे टाकून विकतही मिळत नाही.

याची दोन उदाहरणं आपल्या भागातच आहेत. पहिलं मिरजेचं. उस्ताद अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, जन्म १८७२ चा. मिरजेशी त्यांचं ना रक्ताचं नातं, ना भाषेचं. पण ते इथे रमले, राहिले, शिष्य घडवले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायनसेवा केली. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांना आणलं ते कैरान्याला नाही, मिरजेला. आजही उरुसात त्यांच्या नावानं गाणं होतं. या माणसाला मिरज परकी होती असं कोण म्हणेल?

दुसरं साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचं. 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात ते. पहिल्या महायुद्धात या एका गावच्या ४६ जवानांनी प्राण दिले आणि आजही घरटी कुणीतरी सैन्यात असतं. जवानाला पंधरा वर्षं नोकरी झाली की पेन्शन लागू होते, म्हणजे पुष्कळ जण चाळिशीच्या आतबाहेर घरी येतात. आणि मधली सगळी वर्षं साठ दिवसांची वार्षिक रजा गावातच जाते. पेरणी, बहिणीचं लग्न, बांधाचं भांडण, मयताला खांदा, सगळं त्या साठ दिवसांत. त्यामुळे तो परत येतो तेव्हा त्याची जागा शिल्लक असते. गलाईवाल्याला दुकान बंद ठेवून साठ दिवस येणं परवडत नव्हतं, हे त्याचं दुर्दैव. त्यानं गावाला पैसा पाठवला, वेळ पाठवता आला नाही. आता टेंभूचं पाणी आल्यावर त्याच माळावर द्राक्षं आणि डाळिंबं डोलताहेत, गाव बदललंय, आणि त्या बदलात हा नव्हता.

म्हणून माझं मत विचाराल तर बेटावर जायला माझी अजिबात हरकत नाही. साताऱ्याला यायलाही नाही आणि सेलमला राहून जायलाही नाही. हरकत आहे ती साठाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सामान उचलून अनोळखी जागी जाऊन पडण्याला, मग ती जागा आपल्या आजोबांची का असेना. जिथे म्हातारपण काढायचंय तिथे पन्नाशीपासून जायला लागा. सहलीला नव्हे. पावसाळ्यात जा, कुणी वारलं की जा, शाळेच्या कमिटीवर काम करा, चार लोकांशी वाकडं घ्या आणि पुन्हा सरळ करा. दहा वर्षं हे करायला जमत नसेल तर ती जागा तुमची नाही असं समजून चला आणि जिथे आज राहताय तिथलीच माणसं धरून ठेवा. बंगल्याचा पाया त्यानंतर खणा.

आणि हो, हे सगळं ठरवायच्या आधी घरात एकदा विचारा, तुला कुठे राहायचंय? तीस-पस्तीस वर्षं संसार झालेल्या कितीतरी घरांत हा प्रश्न अजून विचारलेलाच नाही.